दारू सुटली, पण शेवभाजी समोर आली की काय करायचं?

आपल्याकडे कुठल्याच भाजीत दारू घालत नाहीत. शेवभाजीत नाही, भरितात नाही, काळ्या मटणात तर नाहीच. तरी दारू सोडलेल्या माणसाला विचारा की तलफ कशानं येते, तर बऱ्याचदा उत्तर ताटातून येतं. कुणाला कांदा-खोबरं भाजल्याचा वास पुरतो, कुणाला लिंबू पिळलेले खारे शेंगदाणे, कुणाला उकडलेल्या अंड्यावरची मिरपूड. घरचे म्हणतात, "आता जेवणाचं निमित्त काढू नको." पण ते निमित्त नसतं. मीही दारू सोडलेला माणूस आहे, दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला बसतो, आणि तिथे नवीन आलेल्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते ती याच गोष्टीची: "दादा, शेव बघून प्यावंसं वाटतं, हे सांगायचं कुणाला?"

बहुतेकांना हे पदार्थ कायमचे सोडावे लागत नाहीत. काही महिने बाजूला ठेवायचे, मग वेळ, जागा आणि सोबत बदलून एकेक परत आणायचे. खान्देशात राहून शेवभाजीला जन्मभर टाळणं जमणारही नाही. ढाब्यावर ती, पाहुण्यांकडे ती, रविवारी घरातही ती.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हा लेख दारू थांबवून झालेल्यांसाठी आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, घबराट, हातपाय थरथरणं, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं. त्यात जीवही जातो. ज्याची अजून सुटलेली नाही त्यानं आधी डॉक्टर गाठावा. ताटाचा विचार त्यानंतर.

असं होतं कशामुळे

वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला खारे शेंगदाणे आणि पहिला घोट पाठोपाठ आले, की पुढे शेंगदाणे नुसते दिसले तरी मेंदू घोटाची तयारी करतो. तोंडाला पाणी सुटतं, हात अस्वस्थ होतात. विचार करायला वेळ मिळण्याआधीच हे होऊन जातं, त्यामुळे स्वतःला कोसत बसण्यात अर्थ नाही. शेंगदाणे खाल्ले आणि मागून काहीच आलं नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं की ही ओढ फिकी पडत जाते. पुसून मात्र जात नाही, म्हणून जुना पिणारा वर्षांनंतरही एखाद्या हळदीच्या रात्री अचानक गडबडतो.

दुसरं कारण साधी भूक. एका क्वार्टरमधून, म्हणजे १८० मिलीमधून, शरीराला ४०० च्या आसपास कॅलरी मिळत होत्या. त्यात पिणाऱ्याला रात्रीचं जेवण टाळायची सवय लागलेली असते. दारू बंद झाली की त्या कॅलरीही बंद. रात्री आठला शरीर मागत असतं अन्न, आपल्याला मात्र बाटली आठवते. सोडल्यानंतरच्या आठवड्यांत गोड खावंसं वाटतं, त्यातही या भुकेचा वाटा असतो.

तिसरं, मीठ. बारवाला चखणा फुकट देतो तो काही मायेपोटी नाही. खारट खाल्लं की तहान लागते आणि समोर जे असेल ते प्यायलं जातं.

आणि तिखट. "तर्रीवर दोन घोट घेतले की जळजळ कमी होते" ही ढाब्यावरची थाप आहे. दारूनं तोंडातली आग वाढते. मिरचीचा जाळ कमी करतात ते दूध, दही आणि ताक, कारण त्यांतलं प्रथिन मिरचीतला तिखट अंश धरून धुऊन काढतं.

पायरी पहिली: वही काढा

मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. एक आठवडा, जेव्हा जेव्हा तलफ येईल तेव्हा चारच गोष्टी टिपायच्या: काय खात होतो किंवा कशाचा वास आला, किती वाजले होते, कुठे होतो, सोबत कोण होतं. तलफ किती जोराची होती याला शून्य ते दहा आकडा द्या.

आठवड्यानं वाचलं की गंमत कळते. एखाद्याला वाटत असतं की आपला शत्रू मटण आहे. वहीत दिसतं की रविवारी दुपारी आईसोबत मटण खाल्लं तेव्हा आकडा एक होता, आणि मंगळवारी रात्री एकट्यानं टीव्हीसमोर नुसता मसाला पापड खाल्ला तेव्हा आठ. म्हणजे मटणाचा दोष नव्हता. एकटेपणा, टीव्ही आणि पापडावरचा कच्चा कांदा, असा तो सगळा मेळ होता. काहींना तर पदार्थापेक्षा भांडं छळतं: काचेचा ग्लास, त्यात सोडा, बर्फाचा आवाज. असा माणूस लिंबू सोडा "साधाच तर आहे" म्हणून पितो आणि अर्ध्या तासात घराबाहेर पडतो.

या वहीवरून तीन गट करा. सात-आठच्या पुढचे पदार्थ सध्या बंद. मधले, फक्त दिवसा आणि माणसांत. खालचे, बिनधास्त. याद्या माणसागणिक बदलतात, दुसऱ्याची उचलू नका.

पायरी दुसरी: पहिले तीन महिने घर बदला

वरच्या गटातलं घरात ठेवूच नका. फरसाणाचा डबा, खारे शेंगदाणे, तिखट शेव, सुकट, जे असेल ते. शेंगदाणे आपल्या स्वयंपाकात लागतातच; ते कच्चे आणा आणि थेट कूट करून ठेवा. मूठभर भाजलेला खारा दाणा आणि भाजीतलं कूट यांत तलफेच्या दृष्टीनं फार फरक आहे.

मागच्या कोनाड्यातले काचेचे ग्लास, ओपनर, सोड्याच्या रिकाम्या बाटल्या काढून टाका. पाणी, ताक, सरबत सगळं स्टीलच्या पेल्यात. हास्यास्पद वाटेल, पण याचा उपयोग होतो.

घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सरळ सांगा. आडून सांगितलं की गैरसमज होतात. वहिनीला वाटतं भाऊजी आपल्या हातच्या जेवणाला नावं ठेवतात. "वहिनी, तुमची शेवभाजी मला आवडते, म्हणूनच तीन महिने नको. ती खाल्ली की मला पुढचं सुचतं. तोवर फुनके-कढी करा, डाळगंडोरी करा, वरण-बट्टी करा." एवढं पुरतं. घरातल्या बाकीच्यांनी शेवभाजी खाऊच नये असा हट्ट मात्र धरू नका. त्यांनी ती दुपारी करावी, तुम्ही शेतात किंवा कामावर असताना.

त्या वासाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे तोच मोठा. कांदा गॅसवर ठेवून वरची साल काळी होईपर्यंत भाजतात, मग सुकं खोबरं, मग लसूण, आणि शेवटी काळा मसाला तेलात पडतो. त्या क्षणाला अख्ख्या गल्लीला कळतं की कुणाकडे काय शिजतंय. शेजाऱ्याच्या घरातून तो आला तर खिडकी लावून भागत नाही. अशा वेळी उठून जागा बदला: गच्चीवर जा, दुकानात जा, पोराला घेऊन चक्कर मारा. मसाला तेलात पडतानाचा जोर थोडाच वेळ असतो. भाजी उकळायला लागली की वास पसरतो, पण बोथट होतो.

पायरी तिसरी: संध्याकाळचे पाच

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच, आणि सगळ्यात कमी लोक पाळतात तीही हीच. संध्याकाळी पाचला काहीतरी पोटभरीचं खा. बिस्किट-चहा याला खाणं म्हणत नाहीत.

सकाळपासून धरायचं तर असं: नाश्ता बुडवायचा नाही. दुपारी नीट जेवण, त्यात डाळ, उसळ किंवा अंडी यांतलं काहीतरी (अंडं तुमच्या यादीत नसेल तर). पाचला दोन केळी आणि वाटीभर दही, किंवा दुपारची भाकरी कुस्करून ताकात, किंवा मुगाची पातळ खिचडी. जळगाव जिल्ह्यात केळ्याला कमी नाही आणि खिशात टाकून नेता येणारं इतकं सोयीचं खाणं दुसरं नाही. रात्रीचं जेवण साडेसातपर्यंत, कारण जुनी बैठक ज्या वेळी सुरू व्हायची त्या वेळी पोट भरलेलं असलं पाहिजे.

गोडाला पहिल्या काही महिन्यांत फार नाही म्हणू नका. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, शिऱ्याची वाटी चालते. मधुमेह असेल किंवा यकृताला सूज सांगितली असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळा. खूप वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात बऱ्याचदा ब१ जीवनसत्त्व कमी असतं. त्याच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या "ताकदीच्या गोळ्या" म्हणून अर्ध्यात सोडू नका.

उन्हाळ्यात यात तहानेची भर पडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि थंड बिअर आठवते त्यातली निम्मी ओढ नुसत्या कोरड्या घशाची असते. कैरीचं पन्हं, जिरं-मीठ घातलेलं ताक, माठाचं पाणी तलफ येण्याच्या आधीच पीत राहा. बाजारातली "शून्य अल्कोहोल" बिअर घेऊ नका. तिचा वास, फेस आणि डबा सगळं जुन्या वाटेचंच आहे, आणि काहींत थोडं अल्कोहोल असतंही.

पायरी चौथी: घास हातात असताना तलफ आली तर

तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते. बहुतेक वेळा हे पंधरा ते तीस मिनिटांत होऊन जातं. तेवढा वेळ काढायचा, बाकी काही सिद्ध करायचं नसतं.

घास खाली ठेवा. ताट सरकवा. उठून चूळ भरा, जमल्यास दात घासा. तोंडाची चव बदलली की निम्मं काम होतं. गुळाचा खडा किंवा केळं खा. दोन पेले ताक किंवा पाणी प्या. मग कुणाला तरी फोन: मीटिंगमधला सोबती, बहीण, मित्र, कुणीही, फक्त जुना पिणारा दोस्त सोडून. बोलायचं काय? "शेव खाताना आठवण आली, पाच मिनिटं बोल." तोवर चालत राहा, चप्पल घालून, खिशात पैसे न घेता. पैशांची गोष्ट महत्त्वाची आहे. युपीआय असलेला मोबाइल खिशात असतोच, तेव्हा दुकानाच्या उलट दिशेनं चाला.

स्वतःशी वाद घालू नका. "एकच घेतली तर काय होतं" याला उत्तर देत बसलं की तो वाद लांबतो, आणि त्यात आपला वकील नेहमी कच्चा असतो. तलफ छातीत आहे, घशात आहे की हातात, हे बघा. तिचा आकडा दर पाच मिनिटांनी वहीत टाका. आकडा उतरताना दिसला की पुढच्या वेळी धीर येतो.

अशी तलफ आठवड्यात बऱ्याचदा आठच्या पुढे जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तलफ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यांची नावं. कुणाला कोणतं चालेल ते यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्यांवर ठरतं. ती घेण्यात कमीपणा नाही.

पायरी पाचवी: पदार्थ परत आणणं

तीन-चार महिने निभले, आकडे खाली आले, की बंद ठेवलेल्यांतला एक पदार्थ निवडा. एका वेळी एकच.

शेवभाजीचं उदाहरण घेऊ. रविवारी दुपारी बाराला, घरी, पोराबाळांसोबत, जमिनीवर पाट मांडून. कांदा-लिंबाची वेगळी ताटली नको, कारण ती ताटली म्हणजे बैठकीची खूण. कांदा हवाच असेल तर कोशिंबीर करा. तर्री नेहमीपेक्षा निम्मी, तिखट बेतानं, सोबत ज्वारीची भाकरी आणि स्टीलच्या तांब्यात ताक. शेव वाढताना घाला, शिजवत बसू नका. मऊ झालेली शेव आणि कुरकुरीत शेव यांच्या आठवणी वेगळ्या असतात, कोणती तुम्हाला छळते ते वहीत आहेच. जेवण झालं की लगेच ताट उचला, शेवेच्या वाटीशी रेंगाळू नका. दुपारी नातलगांकडे जाणं, शेतात चक्कर, असं काहीतरी ठरलेलं असू द्या. आकडा तीनच्या आत राहिला तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पाचवर गेला तर महिनाभर थांबा. असं चार-सहा वेळा झालं की शेवभाजी दुपारची आणि घरची होते. रात्रीची आणि ढाब्याची व्हायला अजून वेळ द्या.

भरीत पार्टी, लग्न, आखाजी

थंडीतली भरीत पार्टी वेगळीच परीक्षा. लेवा पाटीदारांकडेच नव्हे, आता सगळ्यांकडेच. शेतात तुरकाठ्या-पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर ती हिरवी लांबट वांगी, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसूण ठेचल्याचा आवाज, वर कांद्याची पात आणि तळलेले दाणे, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ते सोडा असं सांगायची माझी हिंमत नाही. पण बांधाच्या पलीकडे गाडीच्या डिकीत काय असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्या हिवाळ्यात शक्यतो जाऊ नका. भरीत घरी करून दुपारी खा. दुसऱ्या वर्षी जायचं तर दिवसाच्या पार्टीला, स्वतःच्या गाडीनं, न पिणाऱ्या एकाला सोबत घेऊन. गेल्या गेल्या काम अंगावर घ्या: वांगी भाजणं, सोलणं, बडगी धरणं. हात काळे असलेल्या माणसाच्या हातात कुणी ग्लास देत नाही. पहिल्या पंगतीला जेवा आणि अंधार पडायच्या आत निघा. "एवढ्यात कुठं?" या प्रश्नाला उत्तर घरूनच ठरवून जा.

उत्तरं आखूड ठेवा. "काय भो, बसतो का?" याला "नाही भो, गोळ्या चालू आहेत" हे चालतं. ओळखीच्यांत "भाऊ, मी सोडी दिधी" हे अधिक बरं, कारण पुढच्या वेळी विचारणारे कमी होतात. आग्रह थांबेना तर "जेवी लिधं, पोट भरेल शे" (जेवलो, पोट भरलंय) म्हणत उठायचं. समजावत बसायचं नाही. अर्धी चढलेल्या माणसाला पटवणं हे कुणाचंच काम नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या असतात, म्हणजे ताट आपल्या बाजूचं. धोका पत्त्यांच्या डावात आहे. झाडाखाली डाव मांडला की बाटली येतेच, तेव्हा जेवून घरातच आडवे व्हा. लग्नात हळदीची रात्र टाळून सकाळच्या लग्नाला जाणं कुणाला खटकत नाही. हायवेवर ढाब्यावर थांबणं भाग असेल तर फॅमिलीच्या बाजूला बसा आणि आल्या आल्या जेवण सांगा. "आधी मसाला पापड आण" इथूनच सगळं सुरू होतं.

नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या लोकांची अडचण आणखी वेगळी. तिथे मोहाची फुलं हे अन्नही आहे. वाळवून भाकरीत, लाडवात जातात. त्यात दारू नसते, पण वास तोच. होळीच्या आसपास फुलं पडायला लागली की अख्ख्या शिवाराला तो वास येतो आणि त्याला टाळण्याचा उपाय नाही. अशा वेळी फुलं वेचायला आणि वाळवायला दुसऱ्या कुणाला पाठवा, आणि ते दिवस मीटिंग, फोन, सोबत यांनी भरून काढा.

लपलेली दारू

द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांत आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, काहींत बिअरपेक्षा जास्त. खोकल्याची काही सिरप, होमिओपॅथीचे थेंब, नाताळातला रम केक यांतही असू शकतं. डॉक्टर, वैद्य आणि मेडिकलवाल्याला आधीच सांगा: "मी दारू सोडली आहे, बिनअल्कोहोलचं द्या." डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी चालू असणाऱ्यांनी तर याबाबत जरासुद्धा ढिलाई करू नये. ती गोळी पोटात असताना अल्कोहोल गेलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

यावरूनच घरच्यांना एक सांगणं. ही गोळी किंवा "दारू सोडवायची पूड" भाजीत, चहात न सांगता कालवू नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं, जाहिरातीही त्याच असतात. माणसाला माहीत नसेल तर तो वरून पिणार, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय एकदा कळलं की तो घरच्या ताटावरच विश्वास ठेवत नाही. मग बाहेर जेवतो, आणि बाहेर काय असतं ते वर लिहिलंच आहे.

घरच्यांनी करायचं ते साधं: पाचचं खाणं चुकू न देणं, रात्रीचं जेवण वेळेवर वाढणं, आणि प्रत्येक वेळी तोंडाचा वास न घेणं. तलफ आली असं त्यानं स्वतःहून सांगितलं तर ओरडू नका. सांगितलं म्हणजे अजून प्यायलेला नाही.

घसरलाच तर दुसऱ्याच दिवशी वही उघडा आणि त्या संध्याकाळचे चार रकाने भरा. बऱ्याचदा दुपारचं जेवण बुडालेलं सापडतं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या दोन्ही फुकट आहेत. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका.

सहा महिन्यांनी तिन्ही गट नव्यानं मांडा. बरेच पदार्थ खाली सरकलेले असतील. एखाददुसरा मात्र वरच बसलेला असतो: कुणाचं मिरपूड घातलेलं अंडं, कुणाची भाजलेली सुकट. त्याला परत आणायची घाई कशाला? अंड्याची भुर्जी करून खा.